ऑपरेशननंतर पुन्हा खालच्या लीगमधून : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : ताई, मुलगा नॉर्थ कॅरोलिनात असतो, उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने बेसबॉलच्या मायनर लीगची मॅच बघायला नेलं. सगळी वीस-बावीस वर्षांची पोरं आणि त्यात एक पिचर, म्हणजे आपल्या बॉलरसारखा बॉल टाकणारा, चांगला पस्तिशी ओलांडलेला, मुलगा म्हणाला हा मोठ्या लीगमध्ये कित्येक वर्षं खेळलाय, ऑपरेशन झालं म्हणून आता इथे आलाय. मला फार वाईट वाटलं. एवढ्या खेळाडूला असं खाली ढकलतात का? (एक वाचक, सांगली)

काका, वाईट वाटून घेऊ नका, कारण बहुतेक वेळा तो ढकललेला नसतो. दोन वेगवेगळे प्रकार असतात. पहिला म्हणजे ज्याचं मेजर लीगच्या टीमशी कॉन्ट्रॅक्ट चालूच आहे असा खेळाडू, तो दुखापतीच्या यादीत असतो आणि बरं होता होता त्याला काही दिवस मायनर लीगच्या टीमकडून खेळायला पाठवतात, पगार मेजर लीगचाच मिळतो. पिचरला साधारण 30 दिवसांची मुदत असते. क्लेटन कर्शॉ माहीत असेल, लॉस एंजेलिस डॉजर्सकडून 2025 पर्यंत खेळलेला डावखुरा पिचर, या पिढीतला सर्वात मोठा म्हणतात त्याला, त्याच्या खांद्याचं ऑपरेशन नोव्हेंबर 2023 मध्ये झालं आणि 2024 च्या जूनमध्ये तो रँचो कुकामोंगा नावाच्या गावच्या सिंगल-ए, म्हणजे मायनर लीगच्या खालच्या पायरीवरच्या, टीमकडून उतरला, मग खांदा परत दुखला, थांबला, पुन्हा सुरू केलं, आणि 25 जुलैला मोठ्या लीगमध्ये परत आला. असे मोठे खेळाडू आले की त्या रात्री सगळ्या पोरांना चांगलं जेवण स्वतःच्या खिशातून द्यायचं अशी तिथे पद्धत आहे, पोरं वाटच बघत असतात.

आपल्याकडे पण हेच होतं की. मोहम्मद शमीच्या पायाचं ऑपरेशन फेब्रुवारी 2024 मध्ये झालं आणि नोव्हेंबरमध्ये तो इंदूरला बंगालकडून रणजी खेळायला उतरला, मध्य प्रदेशविरुद्ध सात विकेट काढल्या. तेव्हा कोणी म्हटलं नाही की शमीला खाली ढकललं.

दुसरा प्रकार मात्र खरंच अवघड. ज्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय, वय झालंय, हाताचं ऑपरेशन झालंय आणि कुठलीच टीम खात्री देत नाही, तो मायनर लीगचं कॉन्ट्रॅक्ट घेतो. म्हणजे ये, खेळून दाखव, जमलं तर बघू. तुम्ही पाहिलेला पिचर यातला कुठला ते मला इथून सांगता येणार नाही, पण दुसऱ्यातला असेल तर त्याच्याबद्दल वाईट वाटण्यापेक्षा मला आदरच जास्त वाटेल. का ते खाली चौथ्या उत्तरात लिहिलंय.

प्रश्न : टॉमी जॉन सर्जरी म्हणजे नक्की काय करतात? सचिनचं टेनिस एल्बोचं ऑपरेशन झालं होतं तेच का हे? (एक वाचक, पुणे)

नाही, जागाच वेगळी. टेनिस एल्बो कोपराच्या बाहेरच्या बाजूला, स्नायू हाडाला जिथे चिकटतो तिथे दुखतं. सचिनचं ऑपरेशन मे 2005 मध्ये झालं आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध येऊन त्याने 93 मारले, म्हणजे पाच महिन्यात काम झालं. पिचरचं दुखणं कोपराच्या आतल्या बाजूचं. दंडाचं हाड आणि हाताचं हाड यांना बांधून ठेवणारा एक लिगामेंट असतो, बॉल टाकताना हात मागे जातो आणि कोपर वाकलेलं असतानाच जोरात पुढे फिरतं तेव्हा सगळा ताण त्याच्यावर येतो. क्रिकेटचा बॉलर हात सरळ ठेवतो, त्याची बहुतेक पाठ जाते, पिचरचं कोपर जातं.

एकदा तो लिगामेंट पूर्ण तुटला की पूर्वी करिअर संपायचं. टॉमी जॉन हा डॉजर्सचा डावखुरा पिचर, जुलै 1974 मध्ये मॉन्ट्रियलविरुद्ध बॉल टाकताना त्याचा तुटला. डॉक्टर फ्रँक जोब यांनी 25 सप्टेंबर 1974 ला त्याच्या उजव्या हातातला एक टेंडन काढला, डाव्या कोपराच्या दोन्ही हाडांना भोकं पाडली आणि पायजम्यात नाडी ओवावी तसा तो टेंडन ओवून घट्ट बांधला. परत पिचिंग करण्याची शक्यता शंभरात एक, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तो 1975 चं अख्खं वर्ष बाहेर राहिला, शेवटी शेवटी ॲरिझोनात शिकाऊ पोरांच्या लीगमध्ये जाऊन हात आजमावला, 1976 ला परत आला आणि 46 व्या वर्षापर्यंत, 1989 पर्यंत खेळला. एकूण 288 विजय (जिंकलेल्या मॅचचं श्रेय एका पिचरच्या नावावर लागतं), त्यातले 164 ऑपरेशननंतरचे. त्याच्यानंतर ऑपरेशनला त्याचंच नाव पडलं.

तो टेंडन तुमच्या हातात आहे का बघायचंय? अंगठा आणि करंगळी जुळवा आणि मनगट थोडं आत वाकवा, मधोमध एक दोरीसारखं वर येतं. काही लोकांना तो नसतोच आणि त्यांचं काही अडत नाही, म्हणून तर डॉक्टर तो बिनधास्त काढून घेतात. नसला तर मांडीच्या मागचा वगैरे घेतात.

बरं व्हायला वर्ष ते दीड वर्ष. पहिले चार-पाच महिने बॉल हातात पण घेऊ देत नाहीत. मग अगदी जवळून हलकं टाकायचं, मग अंतर वाढवायचं, मग टेकाडावरून म्हणजे माउंडवरून, मग बॅट्समनसमोर, आणि मग मायनर लीग. ओवलेला टेंडन आत हळूहळू लिगामेंटचं काम करायला शिकतो, त्याला घाई चालत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगा 12 वर्षांचा आहे आणि पिचिंग करतो. काही पालकांच्या बोलण्यात येतं की ही सर्जरी लवकर करून घेतली तर नंतर स्पीड वाढतो, मोठे मोठे पिचर करून घेतात म्हणे. यात काही तथ्य आहे का? (एक आई)

अजिबात नाही, आणि कृपा करून ही गोष्ट मुलाच्या कानावर सुद्धा पडू देऊ नका. ऑपरेशन तुटलेलं जोडतं, वेग देत नाही. कधी कधी एखादा पिचर आधीपेक्षा जोरात टाकताना दिसतो त्याचं कारण म्हणजे वर्षभर त्याने पाय, कंबर, खांदा यांचा व्यायाम केलेला असतो, टाकायची पद्धत सुधारलेली असते, आणि ऑपरेशनच्या आधीचे काही महिने तो दुखऱ्या हातानेच टाकत होता म्हणून तेव्हाचा स्पीड कमी होता. हे सगळं न कापता पण करता येतं.

मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून मुलांसाठी पिच स्मार्ट नावाचे नियम काढलेत ते कोचला दाखवा. 11-12 वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त 85 पिच, म्हणजे 85 बॉल, आणि 66 च्या वर गेला तर चार दिवस विश्रांती, आणि वर्षातले काही महिने पिचिंग पूर्ण बंद. दोन-दोन टीमकडून खेळत असेल तर दोन्हीकडचे पिच एकत्र मोजायचे, इथेच सगळे चुकतात, शनिवारी एका कोचकडे सत्तर आणि रविवारी दुसऱ्याकडे पन्नास. आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय असं मुलगा म्हणाला तर त्या दिवशी खेळ बंद, फायनल असली तरी बंद, आणि डॉक्टरकडे. मला या विषयावर फार कळकळ आहे म्हणून जरा लांब लिहिलं.

प्रश्न : चाळिशीच्या आसपास ऑपरेशन करून, मायनर लीगमध्ये धक्के खाऊन कोणी खरंच परत आलंय का, की या सगळ्या सांगायच्या गोष्टी? (एक वाचक, नाशिक)

आलेत, आणि मी दोघांबद्दलच लिहिते कारण दोघांचे रस्ते वेगळे होते.

पहिला जेमी मोयर. डावखुरा, जन्म नोव्हेंबर 1962. याचा फास्टबॉल कधीच फास्ट नव्हता, ताशी ऐंशी मैलाच्या आसपास, म्हणजे आपला मध्यमगती बॉलर. सगळं काम अचूकपणावर आणि चेंजअपवर, म्हणजे फास्टबॉलसारखाच टाकलेला पण हळू येणारा बॉल. 2010 मध्ये कोपर गेलं, वय 47. कोणीही म्हणेल की बस झालं, 2008 ला फिलाडेल्फियाबरोबर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची फायनल, जिंकून झालीय, घरी बसा. त्याने डिसेंबर 2010 मध्ये टॉमी जॉन सर्जरी करून घेतली, 48 व्या वर्षी! 2011 पूर्ण गेलं. 2012 च्या जानेवारीत कोलोराडो रॉकीजने मायनर लीगचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, हंगामाआधीच्या कॅम्पमध्ये त्याने टीममध्ये जागा मिळवली आणि 17 एप्रिल 2012 ला सॅन डिएगोविरुद्ध सात इनिंग टाकून मॅच जिंकली (बेसबॉलच्या मॅचमध्ये प्रत्येक टीमच्या नऊ इनिंग असतात). वय 49 वर्षं 151 दिवस. मेजर लीगमध्ये मॅच जिंकणारा सर्वात वयस्कर पिचर, जॅक क्विनचा 1932 पासूनचा रेकॉर्ड मोडला.

सगळे इथेच गोष्ट संपवतात, पण मला त्याच्या पुढचे दोन महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. रॉकीजने त्याला जूनच्या सुरुवातीला सोडलं. मग तो बॉल्टिमोरच्या ट्रिपल-ए, म्हणजे मायनर लीगच्या सर्वात वरच्या पायरीवरच्या, टीमकडे नॉरफोकला गेला, ज्यांच्या वडिलांच्या वयाचा तो होता अशा पोरांबरोबर, तीन मॅच टाकल्या, 16 इनिंगमध्ये 16 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅट्समन बाद) आणि एकाही बॅट्समनला फुकटचा बेस दिला नाही. तरी वर बोलावणं आलं नाही, म्हणून टोरांटोच्या ट्रिपल-ए टीमकडे लास वेगासला गेला, तिथे जमलं नाही आणि थांबला. एकूण 269 विजय. रेकॉर्ड झाल्यावर पण जो नॉरफोकला जाऊन टाकतो त्याला पिचिंग आवडतं, एवढा साधा अर्थ मी त्याचा घेते.

दुसरा रिच हिल, हा पण डावखुरा, मॅसॅच्युसेट्सचा, जन्म मार्च 1980. 2009 ला खांद्याचं ऑपरेशन, 2011 ला कोपराचं. मधल्या काळात हात खाली आणून बाजूने टाकायला लागला, एक-दोन बॅट्समनपुरता यायचा आणि जायचा, एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे. 2015 च्या जूनमध्ये वॉशिंग्टनच्या ट्रिपल-ए टीममधून पण सुटला. 35 वर्षांचा माणूस आणि हातात कुठलीच टीम नाही. मग तो लाँग आयलंड डक्सकडे गेला, ही टीम अटलांटिक लीगमधली, या लीगचा तेव्हा मेजर लीगच्या कुठल्याच टीमशी संबंध नव्हता. तिथे त्याने परत सुरुवातीपासून, वरून हात आणून, मॅचची सुरुवात करणारा पिचर म्हणून टाकायला घेतलं. दोन मॅच, 11 इनिंग, 21 स्ट्राइकआउट, शून्य रन. बोस्टनने उचलला, आधी पॉटकेटला ट्रिपल-एमध्ये, आणि सप्टेंबरमध्ये वर. सहा वर्षांनी मेजर लीगमध्ये मॅचची सुरुवात करायला मिळाली आणि सात इनिंगमध्ये फक्त एक हिट (बॅट्समनने बॉल मारून बेस गाठला की हिट), 10 स्ट्राइकआउट.

बदल काय केला तर कर्व्हबॉल, म्हणजे हवेत वळून खाली उतरणारा हळू बॉल. पिचरने फास्टबॉल जास्त टाकायचा आणि कर्व्ह अधूनमधून असं सगळे शिकवतात, हिलने जवळपास निम्मे बॉल कर्व्ह टाकायला सुरुवात केली, कधी हळू, कधी त्याहून हळू. पुढच्या हंगामासाठी ओकलंडने साठ लाख डॉलर दिले आणि डिसेंबर 2016 मध्ये डॉजर्सने तीन वर्षांचे 4 कोटी 80 लाख. ऑगस्ट 2017 मध्ये पिट्सबर्गविरुद्ध त्याने नऊ इनिंग एकही हिट दिली नाही आणि दहाव्या इनिंगमध्ये जॉश हॅरिसनने होमरन मारून मॅच घेतली, ती रात्र आठवली की अजून जीव हळहळतो. आणि 2025 ला, 45 व्या वर्षी, कॅन्सस सिटीच्या मायनर लीग टीमकडून ओमाहाला टाकून जुलैमध्ये परत वर आला, त्याची ती चौदावी मेजर लीग टीम. दोनच मॅच मिळाल्या, पण मिळाल्या.

दोघांच्यात मला सारखं काय दिसतं तर ऑपरेशनने दोघांना जुना हात परत मिळाला नाही, आणि दोघांनी तो मागितला पण नाही. जो हात उरला त्याने बॅट्समन कसे बाद होतील ते मायनर लीगमध्ये जाऊन, हरून, शोधून काढलं.

प्रश्न : मायनर लीगमध्ये पैसे किती मिळतात? घर चालतं का? आणि आपल्या भारतीय पोरांपैकी कोणी यातून गेलंय का? (एक वाचक, औरंगाबाद)

2023 मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंच्या युनियनचा पहिला करार झाला, त्यात त्या वर्षी ट्रिपल-एला वर्षाला किमान 35,800 डॉलर आणि सिंगल-एला 26,200 ठरले. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार 7 लाख 20 हजार होता, यावरून अंतर समजा. त्याआधी तर फारच वाईट होतं, पोरं ऑफ सीझनमध्ये गाड्या चालवायची, दुकानात काम करायची. जुना खेळाडू ज्याने आधी कमावलंय त्याला पगाराची तेवढी चिंता नसते, त्याचं जातं ते कुटुंबापासून दूर राहण्यात.

भारतीयांमध्ये उत्तर प्रदेशचा रिंकू सिंग (क्रिकेटमधला नव्हे), भालाफेक करणारा मुलगा, दिनेश पटेलबरोबर 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने घेतला होता. रिंकू काही वर्षं मायनर लीगमध्ये चांगला टिकला, मग कोपराचं हेच ऑपरेशन झालं आणि त्याचं पिचिंग पुढे गेलं नाही, नंतर तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. प्रत्येकाचा हात परत येतोच असं नाही, पंचविशीत पण नाही.

प्रश्न : मी लवकरच मुलीकडे अमेरिकेला जातेय. असा ऑपरेशन झालेला पिचर मायनर लीगमध्ये टाकताना दिसला तर नवख्या माणसाने नेमकं काय बघायचं? (एक वाचक, रत्नागिरी)

स्टेडियमच्या बोर्डावर स्पीड येतो, सगळे तिकडेच बघतात, तुम्ही सुरुवातीला बघू नका. कॅचरचा, म्हणजे बॅट्समनच्या मागे बसून बॉल पकडणाऱ्याचा, ग्लोव्ह बघा. बॉल टाकायच्या आधी तो जिथे धरलाय तिथेच बॉल आला की ग्लोव्ह हलवावा लागला? ऑपरेशननंतर ताकद आधी येते, अचूकपणा सगळ्यात शेवटी, म्हणून ग्लोव्ह स्थिर राहत असेल तर समजा माणूस परत येतोय. मग तिसऱ्या इनिंगपासून बोर्डावरचा स्पीड बघा, पहिल्या इनिंगपेक्षा बराच खाली आलाय का. आणि तो चाळीस-पन्नास पिच टाकून अचानक निघून गेला तर घाबरू नका, काही बिघडलेलं नसतं, आकडा आधीच ठरलेला असतो, पुढच्या वेळी पंधराएक वाढवतात. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी हात किती आखडलाय त्यावर होते, ती आपल्याला दिसत नाही, पण पाच-सहा दिवसांनी त्याचं नाव परत यादीत आलं का ते टीमच्या वेबसाइटवर बघता येतं, मुलीला सांगा बघायला. तिकीट मोठ्या लीगपेक्षा पुष्कळ स्वस्त असतं आणि खेळाडू अगदी जवळून दिसतात, कुंपणाला लागून पिचर वॉर्मअप करतात तिथली जागा मागा.