ऐतिहासिक खेड्यात भरणारे जुन्या वस्तूंचे प्रदर्शन प्रथमच पाहायला जाणाऱ्याने काय लक्षात ठेवावे?

जतन केलेल्या एका ऐतिहासिक खेड्यातील अँटिक वस्तूंच्या प्रदर्शनाला आपण प्रथमच जाणार आहात, खरेदीचा बेत फारसा नाही, आणि अस्सल-नकलीची जाण नसताना तिथे नेमके काय पाहावे, असे आपण विचारले आहे. माझा सल्ला असा की, विक्रेत्यांच्या मांडणीकडे वळण्यापूर्वी खेड्यातली घरे निवांतपणे पाहून घ्यावीत. शहरातल्या सभागृहात भरणाऱ्या प्रदर्शनात ही सोय नसते. घरात वस्तू तिच्या मूळ जागी आणि मूळ कामासाठी मांडलेली दिसते, त्यामुळे ती कुठे आणि का झिजते हे कळते: खुर्चीची पुढची आडवी दांडी पाय टेकून टेकून झिजते, खणाच्या तळाच्या कडा सरकून सरकून झिजतात आणि कपाटाच्या दारावर हात लागतो तेवढाच भाग गुळगुळीत होतो. जिथे हात किंवा पाय पोहोचूच शकत नाही, तिथेही सारखीच झीज दिसली, तर ती मुद्दाम केलेली असण्याची शक्यता मोठी असते.

मात्र खेडे ऐतिहासिक आहे म्हणून त्यातले सगळे तिथलेच असते, असे नाही. आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे सुरू केलेल्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात देशाच्या निरनिराळ्या भागांतील जुन्या इमारती आणून पुन्हा उभारल्या आहेत, आणि पुढे अनेक ठिकाणी हीच पद्धत स्वीकारली गेली. म्हणून घरातील कोणती वस्तू मूळची आणि कोणती प्रतिकृती, हे तिथल्या मार्गदर्शकाला विचारून घ्यावे. ते बहुधा आनंदाने सांगतात.

प्रदर्शनात सर्वाधिक वेळ लाकडी सामानाला द्यावा, असे मी म्हणेन, कारण लाकूड सहसा खोटे बोलत नाही. विक्रेत्याची परवानगी घेऊन खण बाहेर काढावा आणि पुढची नक्षी सोडून मागची व खालची बाजू पाहावी. हाताने कापलेले डोव्हटेल सांधे, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवून केलेले जोड, थोडे असमान असतात, तर यंत्राने केलेले काटेकोर सारखे असतात. फळीच्या न रंधलेल्या बाजूवर करवतीचे सरळ ओरखडे आहेत की कमानदार, हेही पाहावे. कमानदार खुणा गोल करवतीच्या असतात आणि तिचा वापर एकोणिसाव्या शतकात सर्वत्र पसरला. टोकदार स्क्रू यंत्रावर मोठ्या प्रमाणात बनू लागले ते त्याच शतकाच्या मध्याच्या सुमारास, आणि चौफुलीच्या खाचेचे स्क्रू तर १९३० च्या दशकातले आहेत. अर्थात एक नवा स्क्रू म्हणजे नकली वस्तू नव्हे, कारण दुरुस्ती कधीही झालेली असू शकते. पण सगळेच स्क्रू नवे असतील, तर प्रश्न विचारायला हवा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, उभ्या दिशेने जवळजवळ नाही, त्यामुळे खरोखर जुन्या गोल टेबलाचा पृष्ठभाग मोजला तर किंचित लंबगोल भरतो. खिशात मोजपट्टी असली की ही तपासणी मिनिटभरात होते. किडीची छिद्रे पाहून मात्र भुलू नये. कीड आत वाकडीतिकडी पोखरत जाते आणि बाहेर फक्त गोल छिद्र दिसते. पृष्ठभागावर किडीने पोखरलेल्या वाटा उघड्या चरांसारख्या दिसत असतील, तर कीड लागून गेल्यानंतर ते लाकूड कापले गेले आहे, म्हणजे जुन्या फळ्यांतून नवी वस्तू घडवलेली असू शकते. छिद्रांतून ताजी भुकटी पडत असेल, तर कीड अजून जिवंत आहे. अशी वस्तू घरी आणूच नये.

चांदी आणि चिनी मातीच्या बाबतीत वस्तूवर उमटवलेले छाप उपयोगी पडतात, पण त्यांच्यावर पूर्ण विसंबता येत नाही. विजेच्या साहाय्याने दुसऱ्या धातूवर चांदीचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट इंग्लंडमधील एल्किंग्टन या उत्पादकांनी १८४० मध्ये घेतले. त्यानंतर चांदीसारखी दिसणारी भांडी विपुल झाली, आणि त्यांवरचे छाप खऱ्या चांदीवरील छापांची आठवण करून देणारे असत. चिनी पोर्सेलिनवर आधीच्या सम्राटाच्या राजवटीचा शिक्का उमटवण्याची जुनी प्रथा होती, म्हणून शिक्का हा वयाचा पुरावा ठरत नाही. किटलीसारखी वस्तू कानाने उचलू नये. कान जोडलेला असू शकतो, आणि तो निघाला तर भरपाई आपल्यालाच करावी लागेल.

झगझगीत पॉलिश केलेल्या जुन्या लाकडाविषयी मी नेहमीच साशंक असतो, कारण मूळ पृष्ठभाग खरवडला की वस्तूचा इतिहासही जातो आणि मोलही. उलट, झालेली दुरुस्ती स्वतःहून दाखवणारा विक्रेता मला अधिक विश्वासार्ह वाटतो. प्रदर्शनातील वस्तू तज्ज्ञांनी आधी तपासल्या आहेत का, हे आयोजकांना विचारावे. काही प्रदर्शनांत तशी व्यवस्था असते.

काही घ्यावेसे वाटलेच, तर पावतीवर वस्तूचा अंदाजे काळ, साहित्य आणि झालेली दुरुस्ती लिहून घ्यावी. केवळ ‘अमुक शैलीची’ एवढेच लिहिले असेल, तर विक्रेता काळाची हमी देत नाही, हे समजावे. हस्तिदंत, कासवाचे कवच किंवा प्रवाळ लावलेली वस्तू वन्यजीवांच्या व्यापारावरील साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येऊ शकते, आणि कागदपत्रांशिवाय ती सीमेपलीकडे नेताना जप्त होऊ शकते. म्हणून अशी वस्तू घेण्याआधीच तिचे दाखले मागावेत आणि ते नसतील, तर ती तिथेच ठेवावी.