आठ संगणकांचं ऑफिस: सिस्टीम कोणती, केबल कोणती?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: करसल्लागाराचं ऑफिस, आठ संगणक. दोन नवे, तीन इंटेलच्या सहाव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचे, तीन चौथ्या पिढीच्या आय-३ चे, आणि सगळ्यांवर विंडोज १०. विक्रेता म्हणतोय की जुने सहाही काढून नवे घ्या आणि भिंतीतली नेटवर्कची केबल उपसून कॅट-७ या वरच्या दर्जाची टाका.

मी हे दोन्ही खर्च एकत्र बघेन. सिस्टीम, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स, एका दुपारीत बदलता येते. केबल मात्र एकदा भिंतीत गेली की दहा-पंधरा वर्षं कोणी तिला हात लावत नाही. त्यामुळे काटकसर करायची ती सिस्टीमच्या बाजूला करा. केबलमधल्या तांब्याच्या दर्जात तडजोड नको.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालत राहतात, पण सिक्युरिटी अपडेट थांबतात. तुमच्याकडे लोकांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट्स असतात, म्हणून ‘चालतंय ना, चालू दे’ हे तुमच्या ऑफिसला परवडणार नाही. पैसे भरून वाढीव अपडेट मिळतात, पण व्यवसायासाठीचा जाहीर दर पहिल्या वर्षी प्रत्येक मशीनमागे ६१ डॉलर आहे, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं. जुन्या आय-३ वर एवढा खर्च करण्यात अर्थ नाही.

दोन नव्या मशीनवर विंडोज ११ टाका. विंडोज १० खरं, अॅक्टिव्हेट केलेलं असेल तर अपग्रेड मोफत आहे. त्यातल्या ज्या मशीनवर टॅलीचा डेटा राहणार आहे तिच्यावर ‘प्रो’ असू द्या. बाहेरून रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनमध्ये शिरणं आणि पूर्ण बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) या सोयी प्रोमध्येच आहेत. बाकी ठिकाणी ‘होम’ पुरेसं आहे.

सहाव्या पिढीची तीन मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) हवं, आणि इंटेलचा प्रोसेसर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. तपासणी चुकवून ११ बसवून देणारे पुष्कळ भेटतील. घरच्या मशीनवर हौस म्हणून करा, ऑफिसात नको. अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ऐन रिटर्नच्या दिवसांत अडलात तर कुणाकडे दादही मागता येणार नाही. या तिघांच्या जागी कंपन्यांमधून परत आलेली, आठव्या पिढीची किंवा पुढची जुनी डेस्कटॉप बघा. विंडोजचा परवाना सहसा मशीनसोबतच येतो. घेताना ‘आय-५ आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, पूर्ण नंबर वाचा: ७५०० सातव्या पिढीचा, ८५०० आठव्या. बाहेरून डबा सारखाच दिसतो. आणि काहीशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या ‘ओरिजिनल की’ घेऊ नका. बऱ्याचदा त्या दुसऱ्याच कुणासाठी दिलेल्या परवान्यातल्या असतात आणि केव्हाही बंद पडू शकतात.

उरली चौथ्या पिढीची तीन मशीन. ती भंगारात घालू नका. प्रत्येकात २४० जीबीचा एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम टाका, वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ या सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. ती मोफत आहे आणि तिचे अपडेट २०२९ पर्यंत आहेत. उबंटू हे दुसरं लिनक्सच घ्यायचं असेल तर २४.०४ एलटीएस, म्हणजे दीर्घ आधाराची आवृत्ती. मधल्या आवृत्त्यांचा आधार नऊच महिने असतो, त्यामुळे नंबर नवा दिसतो म्हणून त्या घेऊ नका. पोर्टल उघडणं, मेल, एक्सेलच्या साध्या शीट, स्कॅन केलेले कागद लावणं हे सगळं तिथे निवांत होतं. टॅली मात्र लिनक्सवर थेट चालत नाही, आणि डिजिटल सहीचं टोकन लागणारं कामही विंडोजवरच ठेवा. मराठी पत्रं श्रीलिपी या जुन्या फाँट-सॉफ्टवेअरमध्ये टाइप करत असाल तर तीही. युनिकोडमधला इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे सारखाच आहे, नव्या मुलांना तोच शिकवा.

आता केबल. काहीही विकत घेण्याआधी स्टूल घेऊन वर चढा आणि आत्ताच्या केबलच्या अंगावर काय छापलंय ते वाचा. कॅट-५ई लिहिलं असेल आणि आत तांबं असेल तर ती १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देते. तुमचा स्विच (सगळ्या केबल जिथे जोडल्या जातात तो डबा) आणि संगणक तेवढाच वेग घेणार. मग उपसायची कशाला? विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००० दिसला तर ती लाइन ठीक आहे. १०० दिसला तर आधी दोन्ही टोकांचे आरजे-४५ (केबलच्या टोकाचे प्लग) कापून नवे दाबून बसवा. १०० च्या वेगाला केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात, त्यामुळे एक तार जरी नीट बसली नसेल तरी वेग गुपचूप खाली येतो. टॅली ‘हँग होतं’ म्हणून ज्या तक्रारी येतात त्यातल्या काहींचं मूळ इथे सापडतं.

जिथे नवी टाकावीच लागेल तिथे कॅट-६, साधी यूटीपी (धातूचं आवरण नसलेली), अखंड तांब्याच्या तारेची. ती ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही पेलते, म्हणजे उद्याचीही सोय झाली. कॅट-७ ला अमेरिकेच्या टीआयए या संस्थेच्या केबल-मानकात जागाच नाही, आणि आवरण असलेल्या केबलचं अर्थिंग नीट केलं नाही तर त्या आवरणाचा उपयोग होत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या चपट्या, पातळ ‘कॅट-८’ पट्ट्या भिंतीत कधीच घालू नका.

खरी फसवणूक सीसीएमध्ये होते: आत अॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. बॉक्सवर ‘कॅट-६’ ठळक आणि ‘सीसीए’ बारीक अक्षरात, कधी तेही नाही. अॅल्युमिनियमचा रोध जास्त असतो, तार दोन-चारदा वाकवली की तुटते, आणि त्याच केबलवरून सीसीटीव्हीला वीज दिली तर ती तापते. दुकानातच ब्लेडने तार खरवडा. आत चांदीसारखी चमकली तर उठून या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत असं खरवडून बघितलेलं चांगल्या दुकानदाराला खटकत नाही.

पूर्ण बॉक्स ३०५ मीटरचा असतो. लांबी दोरी लावून मोजा. सगळी धरून शे-दीडशे मीटरच भरली तर मीटरवर सुटी घ्या, किंवा शेजारच्या गाळेवाल्यासोबत बॉक्स वाटून घ्या. केबलवर मीटरचे आकडे छापलेले असतात, ते बघून माप पडताळा. भिंतीपासून टेबलापर्यंत मात्र तयार पॅच कॉर्ड घ्या. तिची तार बारीक धाग्यांची असते, रोज हलली तरी टिकते. आणि इलेक्ट्रिशियन विजेच्याच केसिंग-पट्टीतून नेटवर्कची केबल ओढायला बघेल, तर स्पष्ट नाही म्हणा. वेगळी पट्टी, थोडं अंतर ठेवून.

कोटेशन परत मागवाल तेव्हा त्यात ‘कॅट-६, यूटीपी, अखंड तांबं, सीसीए नाही’ हे शब्द लिहून घ्या, आणि बिलावरही तेच येऊ द्या.