दुकानाचा पहिला बॅनर करताना

दुकानाचा पहिला बॅनर विनाइलची (चिकट प्लास्टिक शीटची) अक्षरे कापून, चिकटवून स्वतः करण्याचा तुमचा निर्णय उत्तम आहे. मात्र मजकूर नाव, व्यवसाय आणि फोन क्रमांक एवढाच ठेवा. कर्नाटकाच्या कन्नड भाषाविषयक कायद्यातील 2024 च्या दुरुस्तीनुसार फलकावर 60 टक्के कन्नड, तेही वरच्या भागात, आवश्यक असल्याने बेळगावात मराठी ओळीची जागा आधीच आखून घ्यावी.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे शिरोरेषा न जोडता अक्षरे कापायला देणे. मग प्लॉटरचे (विनाइल कापणाऱ्या यंत्राचे) पाते प्रत्येक सांध्यावर फिरते आणि चिकटवताना शब्द तुटतो, म्हणून संपूर्ण शब्द एकसंध आकार करूनच कापा. टाइप (फॉन्ट) जाड निवडा, कारण नको असलेले विनाइल सोलताना बारीक अनुस्वार हमखास सोबत निघून येतात. बॅनर पुसून, पूर्ण वाळल्यावरच अक्षरे मधून कडेकडे दाबत चिकटवा.