मॉरिशसला येताय? मग १ फेब्रुवारी चुकवू नका

तुम्ही विचारलंय की एबेन या मॉरिशसमधल्या गावातल्या ऑफिसात रुजू व्हायला १ फेब्रुवारीचं तिकीट काढलंय, पण त्या दिवशी सुट्टी दिसते, ती कसली? आणि घराच्या चाव्या मिळतील का? चाव्यांचं घरमालकाशी आधीच बोलून ठेवा, बँका आणि कचेऱ्या बंद असतात. पण जमलं तर दोन दिवस अलीकडे या. तो दिवस बघण्यासारखा असतो.

१ फेब्रुवारी १८३५ ला इथली गुलामगिरी संपली. साठ हजारांहून जास्त माणसं, मुख्यतः मादागास्कर आणि मोझांबिककडून आणलेली किंवा त्यांची मुलंबाळं. कागदावर सुटली, पण 'उमेदवारी'च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली १८३९ पर्यंत जुन्याच मालकांकडे राबली. ब्रिटिश सरकारने सुमारे २० लाख पौंड भरपाई दिली, तीही मालकांना! राबणाऱ्यांच्या हातावर छदामही पडला नाही. हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आणि आपला संबंध इथेच येतो. उसाला हात हवे होते, म्हणून मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले, म्हणजे मुक्तीच्या तीन महिने आधीच. पुढे मुंबई बंदरातून कोकणातलेही आले. इथले मराठी लोक त्यांच्याच वंशातले. २ नोव्हेंबरलाही सुट्टी असते. मी या दोन्ही तारखा एकाच गोष्टीची दोन पानं मानते.

इथे आपल्यातलेच काहीजण तुम्हाला सांगतील, 'क्रेओल लोकांना काम नको असतं.' क्रेओल म्हणजे इथले त्या गुलामांचे वंशज. मान डोलावू नका. ज्यांना जमिनीचा तुकडाही न देता सोडून दिलं, त्यांच्या पतवंडांबद्दल हे बोललं जातं.

त्या दिवशी ल मॉर्नला जा. दक्षिण-पश्चिम टोकाचा तो उभा कडा पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता. लोक सांगतात, सुटकेची बातमी घेऊन येणारे शिपाई आपल्याला पकडायलाच आलेत असं वाटून कित्येकांनी वरून उड्या घेतल्या. पायथ्याशी स्मारक आहे, तिथे फुलं वाहतात.

टोपी आणि पाणी घ्या, फेब्रुवारीत ऊन कडक असतं, पाऊसही येतो. संध्याकाळी कुठे सेगा, म्हणजे गुलामांपासून चालत आलेलं इथलं नाचगाणं, चालू असेल तर थांबा. वाजवणारे आधी शेकोटी पेटवतात, रावान या डफासारख्या वाद्याचं बकऱ्याचं कातडं जाळावर धरतात, बोटाने टिचकी मारून बघतात, पुन्हा धरतात. सूर चढला की मगच पहिली थाप पडते.