गरीब घरांना इंटरनेटसाठी अनुदान दिलं तर लोक स्वतःचं काम सुरू करतात का?

करतात. पण सुरू करण्यापेक्षा सुरू झालेलं टिकवायला त्याचा जास्त उपयोग होतो, हे मी माझ्या ताईकडे बघून सांगतोय.

ताई घरून रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून देते. आधी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करायची, मोठी फाइल आली की डेटा मध्येच संपायचा. मग घरात लाइन घेतली. आता स्वतःच्या कामात पगाराची तारीख नसते, एखादं पेमेंट अडकलं की भाडं आधी, मुलांची फी आधी आणि बंद काय करायचं तर नेट. नेट गेलं की मेसेजला उत्तर नाही, डेडलाइन हुकली, क्लायंट दुसरीकडे गेला, म्हणजे पुढच्या महिन्याचे पैसेही गेले. कमी उत्पन्नवाल्यांच्या सवलतीत तिचं नाव लागलं आणि लाइन तुटायची थांबली, तेव्हा कुठे तिला कायमचे क्लायंट मिळाले, आज ती दुसऱ्यांनाही काम देते.

आमचे काका अजून म्हणतात, फुकटचं नेट म्हणजे दिवसभर व्हिडिओ. बघत असतील, नोकरदार बघत नाहीत का? टीव्ही चालतो म्हणून गरिबाची वीज तोडा असं कोण म्हणतं?

अमेरिकेत २०२१ च्या शेवटी अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्राम ही सरकारी योजना आली, बहुतेक घरांना नेटच्या बिलात महिन्याला ३० डॉलरपर्यंत सूट, २ कोटींहून जास्त घरं त्यात होती. पुढचा निधी मंजूर झाला नाही आणि जून २०२४ ला सगळं बंद. सवय लावून, कामं उभी राहिल्यावर मध्येच हात काढून घेणं मला सरळ अन्याय वाटतो.

आता हेही खरं की नुसत्या नेटने धंदा उभा राहत नाही, लॅपटॉप लागतो (त्या योजनेत त्यासाठीही एकदा १०० डॉलरपर्यंत सूट होती), हातात कसब लागतं. आणि बऱ्याच जणांना नेटवरून नोकरीच मिळते. कॉमकास्ट या अमेरिकेतल्या इंटरनेट कंपनीने २०११ पासून गरीब घरांना स्वस्त नेट दिलं, त्यावरच्या अभ्यासात काम करणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, पण त्यात नोकऱ्याही आल्या. तेही चांगलंच, पण तुम्ही स्वतःच्या कामाचं विचारलंय.

तुमच्याकडे अशी एखादी सवलत चालू असेल आणि तुम्ही पात्र असाल तर आजच फॉर्म भरा, कोण काय म्हणेल बघू नका. ताई काकांच्या बोलण्याला घाबरून कितीतरी महिने फॉर्म भरत नव्हती, त्या काळात हातचे गेलेले क्लायंट भरून द्यायला काका काही आले नाहीत.