शिकाऊ वैमानिकांचा विमानावरचा ताबा उतरतानाच का सुटतो?
बहुतेकदा मूळ जादा वेगात असतं. सेसना १७२ हे शिकाऊंचं छोटं विमान साधारण ६५ नॉटने (ताशी सुमारे १२० किमी) धावपट्टीवर आणतात. ७५ ने आणलं की ते टेकतच नाही, तरंगत राहतं. मग विद्यार्थी घाईने नाक खाली दाबतो, पुढचं चाक आधी आपटतं, विमान उसळतं. तो पुन्हा दाबतो आणि पुढची उसळी आणखी मोठी येते. अशाने पुढचं चाक मोडतं, प्रोपेलर जमिनीला घासतो. कळकळीने सांगतो, मोठी उसळी आली की सावरत बसू नका. पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची ताकद) द्या, नाक स्थिर धरा, उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं सुकाणू) लावा आणि पुन्हा फेरी मारा. आडवा वारा असेल तर टेकल्यावरही एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) वाऱ्याकडे धरून ठेवा. नेमका तिथेच हात सैल पडतो.