डॉक्टरताई, विचारू का? : क्रोन्स आहे, मग गरबा खेळू द्यायचा की नाही?

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. मुलगी १३ वर्षांची आहे, मागच्या दिवाळीत तिला क्रोन्स (आतड्याला सूज येत राहते तो आजार) निघाला, अडीच महिने स्टेरॉइड चालले, आता ते बंद आहेत, ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबून सूज आवरणारी गोळी) चालू आहे आणि पोट बरंच शांत आहे. मध्ये हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली तर रिपोर्टवर चक्क 'ऑस्टिओपोरोसिस', म्हणजे हाडं ठिसूळ, असं छापून आलं, टी-स्कोअर उणे २.८. तेव्हापासून सासूबाईंनी घरात कर्फ्यू लावलाय, जिना हळू उतर, उडी मारू नको, शाळेत पीटीतून सुद्धा सूट घेतली. आता नवरात्र आलं आणि पोरगी चणियाचोळी काढून बसलीय. बडोद्यात राहून गरबा नाही म्हणजे तिला शिक्षाच वाटते. पाठवू का? — एक आई, रावपुरा

उत्तर : पाठवा. पण आधी तो रिपोर्ट बाजूला ठेवा, कारण १३ वर्षांच्या मुलीचा टी-स्कोअर छापणं हीच मुळात चूक आहे. टी-स्कोअर म्हणजे ऐन तरुण वयातल्या बाईच्या पूर्ण भरलेल्या हाडांशी तुलना, आणि जिची हाडं अजून भरतायत तिला त्या तराजूत टाकलं तर ती कमीच निघणार ना. मुलांचा झेड-स्कोअर बघायचा असतो, म्हणजे त्याच वयाच्या मुलींशी तुलना, आणि तीही उंची लक्षात घेऊन, कारण क्रोन्सची मुलं बऱ्याचदा उंचीला मागे राहतात आणि लहान चणीचं हाड त्या मशीनला उगाच पातळ दिसतं. झेड-स्कोअर उणे २ च्या खाली गेला तरी नुसत्या त्या आकड्यावर मुलांना ऑस्टिओपोरोसिसचं लेबल लावत नाहीत, फ्रॅक्चर झालंय का तेही बघतात. सेंटरला फोन करा, झेड-स्कोअर मागून घ्या आणि पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता सासूबाईंची भीती अगदीच खोटी नाही हं. आतड्याला सूज असते तेव्हा रक्तात जी रसायनं फिरतात ती हाड झिजवणाऱ्या पेशींना जोर देतात आणि हाड बांधणाऱ्यांना दाबतात, त्यावर स्टेरॉइड, त्यावर भूक नाही, व्हिटॅमिन डी नीट शोषलं जात नाही, पाळीही उशिरा येते. आणि हे सगळं नेमकं कधी, तर उंची झपाट्याने वाढते त्या दोनेक वर्षांत, ज्यात मोठेपणीच्या हाडांपैकी जवळजवळ पाव भाग जमा होतो. म्हणून हाडांचं पहिलं औषध म्हणजे आजार ताब्यात ठेवणं, बाकी सगळं त्यानंतर. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये सुरुवातीला ६ ते ८ आठवडे नुसत्या लिक्विड फॉर्म्युल्यावर ठेवतात ना, त्यामागे स्टेरॉइड टाळता यावेत हाही एक हेतू असतो.

पण बसवून ठेवणं हा उपाय नाहीच, उलट तोटा आहे. हाड वजन पडलं की भरतं, नाही पडलं की शरीर ते खर्चात काढतं. अवकाशात महिनोन्महिने तरंगणारे अंतराळवीर धडधाकट असतात तरी कमरेच्या हाडातून महिन्याला साधारण १ ते दीड टक्का गमावतात, आणि टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड निघतं. तुमच्या लेकीला तर आजारामुळे स्नायूही कमी पडले असतील, आणि हाडाला ओढ लावतात ते स्नायूच. पोहणं, सायकल चांगलंच, दमसास वाढतो, पण हाडाला त्यातून फारसं मिळत नाही. हाडाला हवं पाय आपटणं, उडी, धावणं, दोरी, लंगडी, जिना. म्हणजे गरबाच की! टाळी, गिरकी, ठेका, अनवाणी पायाने जमिनीला धक्का, मी तर म्हणेन आपल्या गावाने हाडांसाठी नऊ रात्रींचा कॅम्पच लावलाय (गरब्यातलं ते दोढियुं नावाचं पाऊल माझं स्वतःचं मात्र अजून चुकतं, ते सोडा).

फक्त चार तास सलग नाचून चौपट फायदा होत नाही. हाडाच्या पेशी तेच तेच धक्के मिळाले की थोड्या वेळात कंटाळतात, मध्ये विश्रांती दिली की परत ऐकतात. म्हणून मोठ्या मैदानापेक्षा सुरुवातीला शेरी गरबा, म्हणजे आपल्या गल्लीतलाच, अर्धा तास, बसायचं, पाणी, परत अर्धा तास. आणि खरं सांगू, या मुलांचा गरबा हाडांमुळे नाही, टॉयलेटमुळे अडतो. कुठे आहे, किती लांब आहे, हे आधी बघून ठेवा आणि एखाद्या मैत्रिणीला सांगून ठेवा, पोरगी निर्धास्त नाचेल. नवरात्र संपलं की दोरी द्या हातात, सकाळी ५० उड्या, संध्याकाळी ५०, आठवड्यातून तीन-चार दिवस, आणि ती पीटीची सूट तेवढी रद्द करा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला सरासरी रोज ६० मिनिटं हालचाल आणि त्यात आठवड्यातून किमान ३ दिवस हाडं-स्नायू मजबूत करणारं काही असावं म्हणते.

थांबायचं कधी? ताप, रक्ताचे जुलाब, सांधे सुजलेत, हिमोग्लोबिन फार खाली, तर तेवढे दिवस नुसतं घरातल्या घरात चालणं. आणि पाठ दुखतेय म्हणाली तर 'नाचून दुखत असेल' म्हणून बाम लावत बसू नका, स्टेरॉइड झालेल्या मुलांत मणका गुपचूप दबलेला असू शकतो, एक्स-रे होईपर्यंत उड्या बंद.

दूध-दही पचत असेल तर द्या, एक पेला दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम येतं आणि तिला रोज १००० च्या आसपास लागतं. नाचणी, पनीर चालेल. डी साठी मात्र दुपारच्या उन्हात बसवू नका, ॲझाथायोप्रिनवर ऊन त्वचेला बाधतं, डी औषधातूनच द्या, तेही रक्त तपासून, शेजारणीने सांगितली म्हणून ६०,००० युनिटची पुडी दर आठवड्याला नको, जास्त झालं तर कॅल्शियम वाढून वेगळंच दुखणं.

प्रश्न : नातू ११ वर्षांचा, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे, वर्षभर पोट शांत आहे. मी स्वतः जुम्मादादा व्यायाम मंदिरात मलखांब केलाय, त्याला घालू का? आणि सेव-उसळ खाल्ली तर चालेल का, फार मागतो. — एक आजोबा, दांडिया बाजार

उत्तर : आजोबा, घाला. लटकणं, अंग उचलणं याने हात-खांदे-पाठीचे स्नायू कमावले जातात आणि ते हाडं ओढतात. नुकतंच स्टेरॉइड झालं असेल तर वरून उडी घेऊन उतरणं पहिले काही महिने टाळा, खाली मॅट हवीच, आणि वस्तादांना आजार सांगा, म्हणजे पोर मध्येच पळालं तर ओरडणार नाहीत. सेव-उसळीचं हाडांशी काही वाकडं नाही, पोट शांत असताना थोडी चालेल, पण तर्री वरून ओतून घेऊ नका.